ओंटारिओत कायदेशीर गांजाच्या व्यवसायात पहिली नोकरी कशी मिळेल? दुकानात गांजा विकण्यासाठीच्या ‘कॅनसेल’ (CannSell) प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट पुरेसं आहे का? आणि रेझ्युमेवर हे काम दाखवलं तर पुढे त्रास होतो का?

तुम्ही लिहिलंय की ब्रॅम्प्टनला शिकताय, कॅनसेल करून झालंय, दिसेल त्या दुकानात रेझ्युमे टाकलाय, कव्हर लेटरमध्ये ‘मला या वनस्पतीची मनापासून आवड आहे’ असंही लिहिलंय, तरी कुणाचा फोन नाही. आधी ते वाक्य काढा. प्रत्येक जण तेच लिहितो, आणि दुकानदाराला त्या आवडीचं काही करायचं नसतं. त्याला हवा असतो शनिवारी रात्री न चुकता हजर राहणारा, समोरच्याचा आयडी न लाजता मागणारा आणि बंद करताना गल्ल्याचा हिशोब जुळवणारा माणूस.

कॅनसेलचं म्हणाल, तर ते नसेल तर एजीसीओच्या, म्हणजे दुकानांना परवाने देणाऱ्या ओंटारिओच्या नियामक संस्थेच्या, नियमाप्रमाणे काउंटरमागे उभंच राहता येत नाही. म्हणजे तुमच्यासोबत अर्ज केलेल्या सगळ्यांकडे ते आहे किंवा पुढच्या आठवड्यात असेल. त्याने तुम्ही वेगळे दिसत नाही. ओंटारिओत आज दीड हजारांहून जास्त दुकानं आहेत, आणि सगळे घाऊक माल घेतात तो एकाच ठिकाणाहून, सरकारी ओसीएसकडून. माल तोच असल्यावर भांडण फक्त किमतीचं उरतं, आणि मग पहिली कात्री लागते ती कामगारांच्या तासांना. पगार किमान वेतनाच्या आसपास. शिवाय ‘याने झोप चांगली लागते’, ‘गुडघेदुखी थांबते’ असलं काही गिऱ्हाईकाला सांगायचीही सोय नाही, औषधी दावे करायचे नाहीत हा कायदा आहे. तेव्हा तुमचा स्ट्रेनचा, म्हणजे गांजाच्या जातींचा, अभ्यास काउंटरवर अर्धा वाया जाणार.

मी सांगेन ते असं, की दुकान सोडा आणि एलपी बघा. म्हणजे हेल्थ कॅनडाचा, इथल्या केंद्रीय आरोग्य खात्याचा, परवाना असलेले पिकवणारे आणि माल तयार करणारे. तिथे बडटेंडरसारखा, म्हणजे दुकानातल्या विक्रेत्यासारखा, रुबाब नाही, टीशर्ट नाही, इन्स्टाग्रामवर टाकण्यासारखं तर काहीच नाही. पण पहिली नोकरी मिळायची शक्यता तिथे जास्त, आणि पुढे जायची तर कितीतरी जास्त.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी बी.फार्म. इकडे येण्याआधी औषध कंपनीत क्यूएला, म्हणजे गुणवत्ता विभागात होते, वाळूजला. आल्यावर इथल्या औषध कंपन्यांनी ‘कॅनेडियन अनुभव’ विचारून विचारून जीव नकोसा केला. फार्मासिस्ट व्हायचं तर परीक्षांची माळ, फी, आणि तोवर घर कशावर चालवायचं? 2019 साली एका टेम्प एजन्सीचा मेसेज आला. पॅकेजिंगचं काम, दुसरी पाळी, जागा नैर्ऋत्य ओंटारिओ, कंपनीचं नाव नाही. दिलेल्या पत्त्यावर गेले, पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडलं आणि वासावरून कळलं कसली कंपनी आहे ते. नवरा म्हणाला, परत जायचं का? मी म्हटलं, एवढं पेट्रोल जाळून आलोय, निदान बघून तर येते.

आत आम्ही बरेच जण होतो. माझ्या शेजारी एक पोरगा बसला होता, घरी कायद्याने परवानगी असलेली चार झाडं लावणारा. त्याला सगळं ठाऊक होतं. कुठली जात कुठल्या जातीपासून आली, फूल कधी तोडायचं, किती दिवस वाळवायचं, सगळं. खरोखर हुशार पोरगा होता, मी त्याला नावं ठेवत नाही. सुपरवायझर बाईंनी आमच्यासमोर एकेक कागद ठेवला, ट्रिमिंग रूमच्या, म्हणजे फुलांची पानं-देठ छाटतात त्या खोलीच्या, वजनाच्या नोंदीची झेरॉक्स. विचारलं, यात काय दिसतं? तो म्हणाला, उत्पन्न कमी आलंय, बहुतेक घाईत तोडलंय. बाईंनी मान हलवली आणि माझ्याकडे पाहिलं.

मला दिसत होतं ते वेगळंच. एका रकान्यात आकड्यावर आकडा गिरवलेला. दुसऱ्या रकान्यात व्हाइटनर. सही एकाची, अक्षर दुसऱ्याचं. मी म्हटलं, हा कागद मुळात कुणी स्वीकारलाच कसा? चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण. बाई म्हणाल्या, मग कर की दुरुस्त. मी म्हटलं, मी नाही करणार. ही नोंद ज्याने लिहिली त्यालाच बोलवा, दुसऱ्याच्या नोंदीला मी हात लावत नाही. बाईंनी कागद उलटा ठेवला आणि विचारलं, सोमवारी येशील का?

वाळूजला हे आम्ही शिकाऊ पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवायचो.

आता कामाचं सांगते, म्हणजे भ्रम राहायला नको. अंगभर कव्हरॉल, केसांवर जाळी, दाढी असेल तर दाढीलाही जाळी, बुटांवर कव्हर, हातात नायट्रिलचे ग्लोव्ह. समोर वाळलेली फुलं आणि छोटी कात्री. थोड्या वेळात कात्रीची पाती राळेने अशी चिकटतात की उघडायला दोन्ही हात लावावे लागतात. मग ती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवायची, पुसायची आणि पुन्हा सुरू. ग्लोव्हला बोट चिकटतं, बोटाला पेन, पेनाला कागद. वास केसांत बसतो तो बसतोच, मी कोट गॅरेजमध्ये काढून मगच घरात जायचे. आणि प्रत्येक गोष्टीचं वजन. आत आलेलं, बाहेर गेलेलं, पानं, देठ, जमिनीवर पडलेलं, सगळं. दर महिन्याला साठ्याचा हिशोब सरकारला जातो, त्यामुळे ग्रॅमचा फरकसुद्धा कुणी सोडत नाही. कचरा नष्ट करायचा तर मी होते तेव्हा दोन पात्र साक्षीदार समोर लागायचे, दोघांच्या सह्या.

एका रात्री कचऱ्याचं वजन जुळेना. पाळी संपली, पण कुणाला घरी सोडेनात. चोरीचा संशय म्हणजे सगळ्यांच्याच मानेवर. बाकीचे एकमेकांकडे बघत बसले होते. मी मागच्या नोंदी काढल्या, तर एका माणसाने प्रत्येक वेळी रिकाम्या पिशवीचं वजन वजा करायचं सोडलं होतं. पिशव्या मोजल्या, फरक पुरता निघाला. पुढच्या महिन्यात मला ट्रिमिंगमधून उचलून क्यूएमध्ये घातलं. त्या हुशार पोराला मी तिथे परत कधी पाहिलं नाही, आणि मला आजही वाटतं की त्याला कुणी नोंदी लिहायला शिकवलं असतं तर तो माझ्या पुढे गेला असता.

तर रेझ्युमेत लिहा: अन्नपदार्थांच्या कारखान्यात, हॉटेलच्या किचनमध्ये, औषधाच्या दुकानात, गोदामात काम केलं असेल तर ते. स्वच्छतेचे नियम, एसओपी (कामाची ठरलेली लेखी पद्धत) पाळणं, बॅच रेकॉर्ड (प्रत्येक खेपेच्या नोंदी), वजनकाटा, साठा मोजणं. प्री-रोलच्या, म्हणजे गांजाच्या तयार वळलेल्या सिगारेटींच्या मशिनवर, पॅकिंग लाइनवर माणसं लागतात ती याच भाषेत शोधतात. एलपीच्या जागा बऱ्याचदा एजन्सीमार्फत भरतात, तेव्हा तिथेही नाव नोंदवा. मास्टर ग्रोअर (लागवडप्रमुख), क्यूएपी (गुणवत्तेची जबाबदार व्यक्ती), सुरक्षाप्रमुख अशा पदांना हेल्थ कॅनडाचा सिक्युरिटी क्लिअरन्स लागतो, ट्रिमिंग-पॅकिंगला नाही. कंपनी स्वतः पोलिस चेक मागते तेवढं द्या.

आता तुमचा तिसरा प्रश्न, रेझ्युमेवर दाखवलं तर त्रास होईल का. खरं सांगायचं तर मी हे उत्तर लिहायला बसले ते याच प्रश्नामुळे.

माझे थोरले दीर मिसिसागाला असतात, आयटीत. त्यांच्याकडे गणपतीला चांगली तीस-चाळीस माणसं असतात. मी नोकरीला लागले त्या वर्षी आरतीनंतर ताटं मांडली जात असताना ते सगळ्यांदेखत म्हणाले, ‘फार्मसी शिकवून काय उपयोग, आमची सून गांजा निवडायला जाते.’ सगळे हसले. मी वाढत होते, वाढत राहिले. पुढे लोकांना ते ‘ती एका हर्बल कंपनीत असते’ असं सांगायला लागले आणि मलाही म्हणाले, रेझ्युमेवर तसंच लिही, नाहीतर उद्या कुणी दारात उभं करणार नाही.

याच गृहस्थांनी 2018 साली, कॅनडात गांजा कायदेशीर व्हायच्या आसपास, गांजाच्या कंपन्यांचे शेअर घेतले होते. तेव्हा इथल्या आयटीतल्या निम्म्या लोकांनी घेतले होते, त्यात विशेष काही नाही. ते बुडाले, त्याचाही मला आनंद नाही. पण शेअर घेताना तो ‘उगवता उद्योग’ होता आणि माझ्या हातात कात्री आली की लगेच गांजा झाला, हे काही मला पटलं नाही. मी त्यांना ते तोंडावर सांगितलं, पुढच्या वर्षीच्या गणपतीला नाही, फोनवर. त्यांनी ‘तो विषय वेगळा’ म्हणून फोन ठेवला.

पुढे आमच्याकडे कपात झाली. सगळीकडेच झाली. स्मिथ्स फॉल्सला हर्शीच्या जुन्या चॉकलेट कारखान्यात कॅनोपी ग्रोथ या गांजाच्या कंपनीने केवढा डोलारा उभा केला होता, फेब्रुवारी 2023 मध्ये त्यांनी 800 लोकांची कपात जाहीर करून तो कारखाना बंद करायचं ठरवलं, आणि पुढे हर्शीनेच तो परत विकत घेतला. या धंद्यात आज आहे ते उद्या असेलच असं नाही, हे डोक्यात ठेवूनच उतरा. माझी नोकरी गेली तेव्हा दीरांचा फोन आलाच, ‘म्हटलं नव्हतं का?’

रेझ्युमेवर मी कंपनीचं खरं नाव लिहिलं. हर्बल वगैरे काही नाही. पुढची मुलाखत खाद्यपदार्थांच्या कंपनीत झाली, आणि त्यांनी गांजाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. विचारलं ते विचलनाचे, म्हणजे ठरलेल्या पद्धतीपेक्षा काही वेगळं घडलं त्याचे, रिपोर्ट कसे लिहायचीस, रिकॉलच्या (बाजारातून माल परत मागवण्याच्या) सरावात भाग घेतलायस का, हेल्थ कॅनडाचं इन्स्पेक्शन पाहिलंयस का. ते मी पाहिलं होतं, आणि ‘कॅनेडियन अनुभव’ही आता होता. घेतलं मला. दीरांना अजून वाटतं की ते माझं नशीब. तेव्हा तुम्ही लपवू नका. रेफरन्स चेकमध्ये खोटं उघडं पडलं तर जाईल ती नोकरी त्या खोट्यापायी जाईल, गांजापायी नाही. आणि आईवडिलांनाही सांगून टाका, काकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून कळण्यापेक्षा बरं.

आता काही गोष्टी ज्या खरं तर आधी सांगायला हव्या.

पीआरचा, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा, विचार असेल तर दुकानातलं विक्रीचं काम सरकारच्या नोकऱ्यांच्या वर्गवारीत टीअर 4 (TEER 4) या खालच्या श्रेणीत येतं आणि कॅनेडियन एक्सपीरियन्स क्लाससाठी, म्हणजे इथल्या कामाच्या अनुभवावर पीआर मिळायच्या मार्गासाठी, ते धरत नाहीत. ट्रिमिंगचं मजुरीचं कामही नाही धरत. क्यूए, लॅब किंवा दुकानात सुपरवायझर झालात तरच उपयोग. म्हणून मी म्हणते की जिथे वर चढायला जागा आहे तिथे घुसा.

पाटी नसलेल्या, रोखीत पगार देणाऱ्या दुकानात पाऊल टाकू नका. एजीसीओचा परवाना आहे का ते आधी त्यांच्या साइटवर बघा. बेकायदा विक्रीला कॅनडातही 14 वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि तुम्ही स्टडी परमिटवर आहात.

अमेरिकेत केंद्रीय कायद्याने गांजा अजून बेकायदाच आहे. तिथल्या सीमा खात्याने ऑक्टोबर 2018 मध्ये सांगितलं की कॅनडातल्या कायदेशीर गांजा उद्योगात काम करणारा कॅनेडियन नागरिक दुसऱ्या कामासाठी येत असेल तर सहसा येऊ देऊ. त्यात शब्द आहे ‘कॅनेडियन नागरिक’. तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे. न्यू जर्सीला मावशी असेल, पुढेमागे तिकडे जायचं मनात असेल, तर आधी वकिलाला विचारा. आणि तिथलं कुणी ‘आमच्या राज्यातही कायदेशीर आहे, इकडेच ये’ म्हणालं तर मुळीच ऐकू नका. 2019 मध्ये त्यांच्या इमिग्रेशन खात्याने स्पष्ट केलंय की राज्यात परवानगी असली तरी या उद्योगातली नोकरी नागरिकत्वाच्या अर्जाला नडू शकते.

दमा असेल तर प्री-रोल आणि दळण्याच्या खोलीपासून लांब राहा. 2022 मध्ये मॅसॅच्युसेट्सला अशाच कारखान्यातली एक कामगार बाई दळलेल्या गांजाच्या भुकटीने उसळलेल्या दम्याने गेली. मास्क मागून घ्या, दिला नाही तर काम सोडा.

आणि तास. सत्र चालू असताना तुम्हाला आठवड्याला 24 तासच काम करता येतं, आणि नैर्ऋत्येला लेमिंग्टनकडचे एलपी ब्रॅम्प्टनहून गाडीने साडेतीन तासांवर. रोजचं जाणं-येणं शक्य नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत पूर्णवेळ चालतं, तेव्हा तिकडे खोली घेऊन राहा. अर्ज मार्चमध्येच टाकायला लागा. जी2, म्हणजे एकट्याने गाडी चालवता येईल असं, लायसन्स अजून काढलं नसेल तर ते त्याच्याही आधी. त्या ग्रीनहाऊसकडे रात्री पाळी सुटल्यावर बस मिळेल या भरवशावर जाऊ नका.