दोघंही कमावतो, तरी महिनाअखेर खडखडाट. घरखर्चाचा हिशोब कसा बसवावा?

तुम्ही लिहिलंय की वारज्यात भाड्याने राहता, तुमचा पगार ६० हजार, बायकोचा ४० हजार, आणि पगार एका खात्यात टाकायचे की वेगळे ठेवायचे यावरून घरात वाजतं. मला विचाराल तर खात्याचा प्रश्न अर्ध्या तासात सुटेल. गळती दुसरीकडे आहे.

आधी खात्याचं उरकू. पगार ज्याच्या त्याच्या खात्यात राहू दे. घरखर्चासाठी एक जॉइंट खातं काढा, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीचं, म्हणजे दोघांपैकी कुणालाही एकट्याने व्यवहार करता येतो. त्यात पैसे पगाराच्या प्रमाणात टाका. घराला ५५ हजार लागत असतील तर तुमचे ३३, त्यांचे २२. निम्मे-निम्मे ऐकायला बरं वाटतं, पण कमी पगारवाल्याच्या हातात मग काही उरत नाही, आणि साध्या कुर्त्याचाही खुलासा करत बसावं लागतं. उरलेल्यातून आधी आपापल्या नावावर एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम) किंवा पीपीएफ (सरकारची लांब मुदतीची बचत योजना), बाकी हातखर्च. त्यात कुणी दर रविवारी सिंहगडावर पिठलं-भाकरी खाल्ली किंवा लक्ष्मी रोडवरून साडी आणली, तर दुसऱ्याने विचारायचं नाही.

आता गळती. भाडं, किराणा, दूध, पेट्रोल, लाइट बिल, कामवाल्या मावशी एवढं सगळेच लिहून काढतात. पण लग्नसराई, गाडीचा विमा, दिवाळी यातलं काहीच त्या यादीत नसतं. मग 'या महिन्यात जरा जास्तच झालं' म्हणायचं. असा जास्तीचा महिना वर्षातून बारा वेळा येतो.

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं, दुधाचे खाडे त्यावरच लिहितो. नवीन वर्षाचं आलं की एका संध्याकाळी दोघं पेन घेऊन बसतो आणि एकेक पान उलटत जातो. एप्रिल-मे म्हणजे आंबे, आहेराची पाकिटं, नात्यातल्या लग्नाला सोलापूरला जाणं-येणं. जूनमध्ये स्कूटरचा विमा आणि सर्व्हिसिंग. अकरा महिन्यांचा भाडेकरार संपतो त्या तारखेला गोल. तिथे भाडेवाढ आणि कराराची नोंदणी येते, घर बदलायचं झालं तर एजंट आणि टेम्पोही. गणपतीत गावी जाणं. दिवाळीत मावशींना एक पगार बोनस, भाऊबीज, सासर-माहेरचे कपडे. मेडिक्लेमचा हप्ता ज्या महिन्यात असेल तिथे. प्रत्येक चौकोनात अंदाजे आकडा. बेरीज नवरा करतो, कारण माझ्या बेरजेत गुरुपुष्यामृताला सोनं घुसतं असं त्याचं म्हणणं आहे. (घुसतं.)

समजा बेरीज १,२०,००० आली, तर महिन्याला १० हजार. वरच्या ५५ मध्ये हे धरा आणि पगार झाला की लगेच एका वेगळ्या बचत खात्यात वळवा. ते खातं यूपीआयला जोडू नका.

दोन्हीकडच्या आईवडिलांचं याच कालनिर्णयावर लिहा. गावी पाठवायचे पैसे, औषधं, तपासण्या. 'माझ्या आईचं मी बघतो, तुझ्या आईचं तू बघ' हे ऑपरेशन निघेपर्यंत चालतं. तेव्हा कमी पगारवाल्याने काय करायचं? हा खर्च सामाईक धरून आकडा उघड सांगितलेला बरा. बऱ्याच घरात खात्यावरून चाललेलं भांडण खरं याच्यावरून असतं, तुमच्याकडचं मला माहीत नाही.

बाकीचं थोडक्यात. सगळी पुंजी एका बँकेत ठेवू नका. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल-व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच आहे. पुणेकरांना रुपी बँक आठवत असेल, २०१३ ला निर्बंध आले आणि २०२२ ला परवाना रद्द झाला. लग्नानंतर पीएफचं नॉमिनेशन नव्याने भरा, ते हटकून राहून जातं. टर्म इन्शुरन्स, म्हणजे ठरावीक मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना रक्कम देणारा विमा, घेणार असाल तर १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घेता येतो, अर्ज भरतानाच तसं सांगायचं. मग ती रक्कम बायको-मुलांची, तुम्हाला कर्ज देणाऱ्यांना सहसा तिला हात लावता येत नाही.

अ‍ॅप कोणतं, असंही विचारलंय. कुठलंही. रोजचा खर्च नोंदवण्याची चिकाटी दोघांपैकी एकालाच असते, त्याला करू द्या आणि दुसऱ्याच्या मागे लागू नका.

सुरुवात करायला जानेवारीची वाट बघू नका. आत्ता पुढच्या तीन महिन्यांचे चौकोन भरा. पहिली दिवाळी ओढाताणीचीच जाईल, कारण त्या खात्यात अजून पुरेसे साठलेले नसतील. तेव्हा यंदाचा बोनस टीव्ही-मोबाइलवर न घालवता दोघांनीही थेट त्या खात्यात टाका.