रहस्य फुटल्यावरही बघावासा वाटतो तो

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. कॉलेजात सिनेमा मंडळ काढायचं, महिन्यातून एकदा विसरला गेलेला एखादा क्राइम सिनेमा दाखवायचा आणि बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं एकत्र बसवायची, हा बेत मला मनापासून आवडला. तुझा प्रश्नही नेमका आहे. इतके सिनेमे पडतात. त्यातला एखादाच पुढे वीस-तीस वर्षांनी लोकांच्या गळ्यातला ताईत, म्हणजे ज्याला ‘कल्ट’ म्हणतात तसा, का होतो?

माझं उत्तर असं. खुनी कोण हे कळल्यावर ज्या सिनेमात बघण्यासारखं काही उरत नाही, तो कल्ट होत नाही. कल्टचा प्रेक्षक एकदा बघून थांबत नाही. तो पुन्हा बघतो, आणि न पाहिलेल्या मित्राला दंडाला धरून आणून बसवतो. त्याला शेवट पाठ असतो. मग तो कशासाठी येतो, ते शोध; तुझी निवड आपोआप होईल.

१९४५ सालचा ‘डीटूर’ घे. दिग्दर्शक एडगर उल्मर. हॉलिवूडमधल्या एका गरीब स्टुडिओत तुटपुंज्या पैशांत काढलेला, सत्तर मिनिटांच्याही आतला सिनेमा. पियानो वाजवणारा एक तरुण प्रेयसीला भेटायला न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाला निघतो, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करत. वाटेत त्याला घेणारा गाडीवाला मरतो. हा घाबरून त्याची गाडी, पैसे आणि नावसुद्धा घेतो. पुढे व्हेरा नावाची बाई भेटते, त्याचं बिंग ओळखते आणि त्याला मुठीत ठेवते. शेवटाकडे ती दारूच्या नशेत टेलिफोन घेऊन खोलीत शिरते आणि आतून कडी लावते. वायर दाराच्या फटीतून बाहेर आलेली. तिने पोलिसांना फोन करू नये म्हणून हा बाहेरून ती वायर जिवाच्या आकांताने ओढतो. दार फोडून आत जातो, तर वायर तिच्या गळ्याभोवती आवळलेली.

शेवट सांगून टाकला म्हणून रागावू नकोस. आता हा सिनेमा बघ, काही बिघडलेलं नसेल. सगळी हकीकत तो तरुण स्वतःच सांगतो, आणि दोन्ही मृत्यूंचं खापर दैवावर फोडतो. पहिल्यांदा आपल्याला त्याची दया येते. दुसऱ्यांदा बघताना मनात येतं, सांगणारा हा एकटाच, मेलेले दोघे बोलायला उरलेले नाहीत. मग याचं खरं कशावरून मानायचं? सिनेमा तोच, बदललेला असतो तो आपला विश्वास. टॉकीजमधून बाहेर पडलेली माणसं चहाच्या गाड्यावर ज्यावरून भांडत बसतात, तो सिनेमा जगतो, असं मी या गावात राहून ठामपणे म्हणतो.

पण नुसता गुण पुरत नाही. सिनेमा हाताला लागावा लागतो. ‘डीटूर’चे हक्क कोणाकडे राहिले नाहीत, म्हणून तो टीव्हीवर अवेळी लागत राहिला, स्वस्तातल्या व्हिडिओ कॅसेटवर फिरला आणि तसाच नव्या पिढीपर्यंत पोचला. १९९२ साली अमेरिकेने जतन करण्याच्या चित्रपटांच्या राष्ट्रीय यादीत त्याला घेतलं. त्याच वर्षी त्या यादीत ‘द नाइट ऑफ द हंटर’ही गेला. चार्ल्स लॉटनने दिग्दर्शित केलेला तो एकमेव सिनेमा, १९५५ साली आपटलेला. लॉटन १९६२ मध्ये गेला. दुसरा सिनेमा त्याच्या हातून झालाच नाही. कौतुक उशिरा आलं की असं होतं, आणि म्हणूनच तुझ्या मंडळाचं काम मला महत्त्वाचं वाटतं.

आणखी एक वाट आहे, ती मला फार प्रिय आहे. नंतरचा सिनेमा आधीच्याला हात देऊन वर काढतो. श्रीराम राघवन यांचा ‘जॉनी गद्दार’ २००७ मध्ये आला तेव्हा फारसा चालला नाही. त्यात गद्दार कोण हे प्रेक्षकाला लवकरच कळतं. मजा असते ती तो एकेका खोट्यात कसा रुतत जातो हे बघण्यात. त्यातला नायक टीव्हीवर १९७१ सालचा ‘परवाना’ बघतो. ‘जंजीर’च्या आधीचा अमिताभ त्यात खलनायक आहे आणि रेल्वेच्या प्रवासाचा आडोसा करून खून रचतो. ही युक्ती ‘जॉनी गद्दार’चा नायक उचलतो. मग प्रेक्षकांनी ‘परवाना’ हुडकून काढला. पुढे २०१८ मध्ये ‘अंधाधुन’ गाजला, आणि त्याच दिग्दर्शकाचा जुना ‘जॉनी गद्दार’ पुन्हा लोकांच्या तोंडी आला.

वाईट म्हणून हसण्यासाठी बघितले जाणारे सिनेमेही कल्ट म्हणवतात. ‘गुंडा’ त्यातला. त्याला माझी हरकत नाही, पण तुझ्या मंडळाने त्यात वेळ घालवू नये.

आता आपल्या भागाचं. इथलं पोर घरी मराठी बोलतं, बसस्टँडवर कन्नड, सिनेमा हिंदी बघतं. विसरलेले सिनेमे शोधायला याहून चांगली जागा कुठली? २०१४ चा कन्नड ‘उळिदवरु कंडंते’ लाव. रक्षित शेट्टीचं दिग्दर्शनातलं पहिलं काम. मलपेचं बंदर, अंगावर वाघ रंगवून नाचणारी माणसं, आणि एकच घटना वेगवेगळ्यांच्या नजरेतून. थेटरात तो चालला नाही. नंतर घरोघरी बघून तरुणांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्यातली किनारपट्टीची कन्नड आपल्याकडच्या कन्नड मित्रांनाही पहिल्या दमात कळेलच असं नाही. तेव्हा सगळेच एका पायरीवर येतील, आणि ते चांगलंच आहे.

मराठीत माझा जीव दोन सिनेमांत अडकलाय. अमोल पालेकरांनी १९८१ मध्ये दिग्दर्शित केलेला ‘आक्रीत’, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, परभणीकडच्या मानवत हत्याकांडावर बेतलेला. ‘गोलमाल’मधला साधाभोळा पालेकर डोळ्यासमोर असणाऱ्या प्रेक्षकाला हा अंधार झेपणं अवघडच होतं. आणि १९८६ चा, राजदत्त यांचा ‘माफीचा साक्षीदार’, पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खून खटल्यावरचा. त्या खटल्यातल्या चौघांना १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली होती, म्हणजे प्रेक्षक थेटरात शिरतानाच शेवट जाणून होता. दोन्हीकडे रहस्य आधीच फुटलेलं. उरतो तो प्रश्न असा की शेजारी राहणारी, आपल्यासारखीच माणसं हे करतात कशी? त्या प्रश्नाला मुदत नसते. मानवतवर २०२४ मध्ये वेब मालिका आली, तेव्हा ‘आक्रीत’ दाखवायला हीच वेळ बरी.

पोस्टरवर ‘कल्ट’ हा शब्द घालू नकोस. ते ठरवणं प्रेक्षकाच्या हातात राहू दे. सुरुवातीला साल आणि दिग्दर्शकाचं नाव सांग आणि बस. नंतर एकच प्रश्न विचार: कुठल्या क्षणी तुमचा या माणसावरचा विश्वास उडाला? मराठी सिनेमाला कन्नड उपशीर्षकं करून घे; मंडळातली दोन्ही भाषा येणारी पोरं ते आनंदाने करतील. चोरीची प्रत मात्र लावायची नाही, हक्क ज्यांच्याकडे असतील त्यांची परवानगी घ्यायची.

पहिल्या महिन्यात ‘जॉनी गद्दार’ आणि दुसऱ्या महिन्यात ‘परवाना’, याच क्रमाने. ‘आक्रीत’ तिसरा. त्याच्या चांगल्या प्रतीची चौकशी आत्तापासून कर. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला पत्र लिही आणि पाठवण्याआधी मसुदा मला दाखव. रविवारी घरी असतो, येऊन जा की.

तुझे,
सर