मुलाच्या वाचनाच्या अडचणीसाठी जनुकचाचणी करावी का?

ताई, मुलगा तिसरीत असूनही अक्षर लावत लावत वाचतो, त्याच्या वडिलांचेही लहानपणी तसेच होते, तेव्हा हे आनुवंशिक आहे का आणि जनुकचाचणी करून घ्यावी का, असे आपण विचारले आहे.

आनुवंशिकतेचा वाटा निश्चित आहे. अमेरिकेत कोलोरॅडो येथे जुळ्यांचा अभ्यास झाला, त्यात एकाला वाचनदोष (डिस्लेक्सिया) असल्यास दुसऱ्यालाही तो असण्याचे प्रमाण एकरूप जुळ्यांत सुमारे ६८ टक्के, तर भिन्न जुळ्यांत सुमारे ३८ टक्के आढळले. एकरूप जुळ्यांची जनुके सारखीच असूनही आकडा १०० झाला नाही, हेही ध्यानात घ्यावे.

चाचणीवर मात्र पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. २००३ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी पंधराव्या गुणसूत्रावरील एका जनुकाकडे बोट दाखवले, पुढे सहाव्या गुणसूत्रावरील दोन जनुकांची चर्चा झाली. परंतु २०२२ मध्ये वाचनदोष असलेले ५१ हजारांहून अधिक आणि नसलेले दहा लाखांहून अधिक लोक तपासले, तेव्हा वाचनदोषाशी संबंध असलेल्या जनुकसंचातील ४२ जागा सापडल्या आणि ही गाजलेली जनुके त्यांत ठळकपणे आलीच नाहीत. हे सारे जनुकीय फरक एकत्र धरूनही वाचनक्षमतेतील फार तर सहा टक्के तफावतीचा उलगडा होतो. त्यापेक्षा वडिलांचे जुने प्रगतिपुस्तक अधिक सांगून जाते.

आपल्या सोलापुरात आणखी एक गुंता असतो. पूर्व भागातील कित्येक मुले घरी तेलुगू बोलतात आणि शाळेत मराठी शिकतात, त्यामुळे ‘भाषा परकी आहे, येईल हळूहळू’ म्हणून दोन-तीन वर्षे सहज निघून जातात. शब्द अनोळखी असल्याने अडखळणे वेगळे आणि ओळखीच्या शब्दातले ध्वनी सुटे न करता येणे वेगळे; दुसरी खूण वाचनदोषाची. माझी मुलगी ‘वर्ग’ हा शब्द चौथीपर्यंत ‘वग्र’ असा वाचत असे, आणि भेंड्या खेळताना पाठ असलेल्या गाण्याचेही शेवटचे अक्षर तिला पकडता येत नसे. आम्ही तो आळस समजलो.

मुलाची वाचन-लेखनाची तपासणी बालमानसतज्ज्ञांकडून करून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा (वाचनदोष त्यातच येतो) समावेश असल्याने प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत सवलतीही मिळू शकतात. धाकटी बालवाडीत आहे, असे आपण लिहिले आहे. तिच्याशी मात्र आजपासूनच भेंड्या खेळायला लागा.