उंदराला स्किझोफ्रेनिया होतो का? मग मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी, या आजाराची औषधं त्याच्यावर कशी तपासतात?

होत नाही. उंदराला भास होतात का, हे त्याला विचारणार कसं? म्हणून आजाराची एखादी बाजू तेवढी उभी करतात. एमके-८०१ किंवा अँफेटामिन यांसारखं मेंदूवर परिणाम करणारं रसायन दिलं की उंदीर सैरभैर धावत सुटतो. औषधाने ती धावपळ थांबते का ते पाहायचं. दुसरी चाचणी मला जास्त पटते. मोठ्या आवाजाआधी क्षणभर हलका आवाज ऐकवला, की दचकणं कमी होतं. स्किझोफ्रेनियाच्या अनेक रुग्णांत ही घट कमी दिसते आणि हीच चाचणी माणसावरही करता येते.

सेरोटोनिनचा ५-एचटी२ए हा रिसेप्टर, म्हणजे पेशीवर ते जिथे चिकटतं ती जागा, यात महत्त्वाचा. भास घडवणारं एलएसडी त्यालाच चेतवतं. डीओआय नावाचं तसंच रसायन दिलं की उंदीर डोकं झटकतो, आणि हा रिसेप्टर अडवला की झटके थांबतात. स्किझोफ्रेनियावरचं क्लोझापिन हे औषध, डोपामिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाच्या डी२ रिसेप्टरपेक्षा याला अधिक घट्ट चिकटतं. उंदीर लाकडासारखा ताठरतो का, हेही बघतात. हॅलोपेरिडॉल या जुन्या औषधाने ताठरतो, क्लोझापिनने सहसा नाही. माणसात हात थरथरणं, अंग आखडणं असे त्रास होतील का, याचा अंदाज त्यावरून येतो.

पण उंदरावर जमलं म्हणजे माणसावर जमेलच असं नाही. फक्त ५-एचटी२ए अडवणारं व्होलिनानसेरिन प्राण्यांत छान चाललं, स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत मात्र हॅलोपेरिडॉलपुढे फिकं पडलं. याच रिसेप्टरवर काम करणाऱ्या पिमाव्हानसेरिनला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली, तीही पार्किन्सनमधल्या भास-भ्रमांसाठी.