रातवा नेमका कोणता?

प्रश्न : सिन्नरच्या माळावर मार्चपासून दिवेलागणीला दोन वेगवेगळे आवाज ऐकू येतात. रस्त्यावर बसलेल्या रातव्याचे, म्हणजे त्या निशाचर पक्ष्याचे, फोटोही मिळाले आहेत, पण तो साधा रातवा की गवताळ रातवा, हे ठरत नाही. कसे ओळखावे?

उत्तर : घोळ बसलेल्या पक्ष्याच्या फोटोमुळेच होतो. रातवा बसला की शेपटी मिटते आणि कडेची पिसे मधल्या पिसांखाली झाकली जातात. नेमकी खूण त्या पिसांवर असते. आकारावर तर जाऊच नका. साधा सुमारे २४ सेंटिमीटर, गवताळ सुमारे २५. हा फरक अंधारात कुणाला दिसणार? गळ्याच्या बाजूचे पांढरे डाग दोघांनाही असतात.

आवाज मात्र फसवत नाही. साधा रातवा जमिनीवर किंवा बांधावरच्या दगडावर बसून 'चुक्-चुक्-चुक्-चुक्-टुकरर्र' असा बोलतो. पहिले सूर सुटे, मग वेग वाढत शेवट घरंगळतो. फरशीवर सोडलेला पिंगपाँगचा चेंडू उड्या मारत थांबावा तसा. गवताळ रातव्याचा सूर एकच, तीक्ष्ण 'च्वीझ्', तोही बऱ्याचदा उडता उडता, थोड्या थोड्या वेळाने. पुष्कळ जण तो एखाद्या किड्याचा समजून सोडून देतात. आवाज जागा बदलत डोक्यावरून गेला, तर किड्याचा विचार सोडा.

सूर्यास्तानंतर साधारण २० मिनिटांनी एका जागी उभे राहा. मोबाइलवर मिनिटभर ध्वनिमुद्रण करा आणि शेवटी ठिकाण व वेळ बोलून ठेवा. बॅटरी कानशिलाजवळ धरलीत तर पक्ष्याचे डोळे लाल चमकतात. छातीशी धरली तर ती चमक बहुधा हुकते. पक्षी उडाला की फक्त शेपटी पाहा. कडेच्या पिसांच्या टोकांनाच पांढरे असेल तर साधा रातवा. कडेची पिसे जवळजवळ पूर्ण पांढरी असतील तर गवताळ नर. गवताळ मादीच्या शेपटीत पांढरे नसते, म्हणून 'पांढरे दिसले नाही' एवढ्यावर निकाल देऊ नका. पंखांवरचे पांढरे ठिपके दोन्ही नरांना असतात. त्यांचा इथे उपयोग नाही.

हातातले फोटो अगदीच वाया गेले असे नाही. डोक्याच्या मध्यावर ठळक काळ्या रेघा, मानेमागे पिवळसर-तांबूस पट्टा आणि खांद्यावरच्या पिसांना फिक्या रुंद कडा दिसल्या, तर साधा रातवा. सगळी पाठ बारीक नक्षीची, सपाट तपकिरी आणि डोक्यावर ठळक रेघा नाहीत, तर गवताळ. जुन्या पुस्तकांत हाच 'फ्रँकलिनचा रातवा' म्हणून भेटेल.

इगतपुरी-त्र्यंबकच्या झाडीत गेलात, तर जंगली रातवाही जमेस धरा. तो आणखी मोठा व राखाडी असतो आणि त्याची 'चुक-चुक' एकाच लयीत बराच वेळ चालते. शेवटी घरंगळत नाही.

प्रश्न : दिंडोरीजवळ द्राक्षबागेच्या कडेचे गवत काढताना उघड्या जमिनीवर दोन अंडी दिसली. पक्षी रातव्यासारखा होता. अंडी उचलून सुरक्षित जागी ठेवावीत का?

उत्तर : अजिबात नाही. रातवा घरटे बांधतच नाही, त्यामुळे ती अंडी उघड्यावर पडलेली नाहीत, जागेवरच आहेत. पक्षी त्या जागी परततो. हलवलेली अंडी त्याच्या दृष्टीने हरवलेलीच. भोवती दगड रचणे, काट्या लावणेही नको. कावळ्यांना आणि मुंगसाला ती खूणच होते. खुणेची काठी पाच-सहा पावले दूर रोवा, गडीमाणसांना सांगून ठेवा आणि तेवढा पट्टा महिनाभर तसाच राहू द्या. तिथे गवत पेटवू नका, तणनाशकही मारू नका. रोज जाऊन डोकावलात तर पक्षी वारंवार उठतो आणि भर उन्हात अंडी तापतात. पक्षी पंख मोडल्यासारखा फडफडत पुढे पळाला, तर अंडी किंवा पिल्ले तुमच्या पायाजवळच आहेत असे समजा, आणि आलात त्याच वाटेने जमीन बघत मागे फिरा. नुसत्या अंड्यांवरून जात मात्र ठरवू नका. त्यासाठी संध्याकाळी दुरूनच आवाज ऐका.