गळका एसी : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : आमच्याकडे दीड टनाचा इन्व्हर्टर एसी आहे. दरवर्षी एप्रिल लागला की थंडावा कमी होतो आणि मेकॅनिक येऊन गॅस भरून जातो. वर्षभरात गॅस उडतोच, असं त्याचं म्हणणं आहे. त्या खोलीत आजी आणि दोन लेकरं खाली गादी टाकून झोपतात. संध्याकाळी उदबत्ती असते, रात्री मच्छर कॉइल. गळलेल्या गॅसचा काही धोका आहे का?
— एक वाचक, हिंगणघाट तालुका

उत्तर : आधी मेकॅनिकच्या बोलण्याबद्दल. एसीतला गॅस उडत नाही, संपतही नाही. तो तांब्याच्या बंद नळीत फिरत राहतो आणि नळी शाबूत असेल तर दहा वर्षंही तेवढाच राहतो. दर एप्रिलला भरावा लागतो याचा अर्थ कुठेतरी गळती आहे आणि ती आजवर कुणी शोधलेली नाही.

आता धोक्याचं. बाहेरच्या युनिटवरची प्लेट वाचा. गॅसचं नाव आणि वजन ग्रॅममध्ये तिथे छापलेलं असतं. अलीकडच्या बहुतेक घरगुती एसींत आर-३२ असतो. समजा, तो ८०० ग्रॅम आहे. सगळाच्या सगळा बाहेर आला तर त्याची साधारण ३८५ लिटर वाफ होते. १० बाय १० फुटांची, १० फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे २८,३०० लिटर हवा. म्हणजे प्रमाण झालं दीड टक्क्याच्या आत, आणि आर-३२ पेट घ्यायला हवेत तो १४ टक्क्यांच्या आसपास लागतो. एवढ्या खोलीत हवेत मिसळलेला गॅस उदबत्तीनं पेटणार नाही, श्वासही कोंडणार नाही.

तरी हे गणित पूर्ण भरवशाचं नाही. आर-३२ हवेपेक्षा पावणेदोन पट जड आहे. पंखा बंद असेल तर तो आधी खाली, जमिनीलगत साचतो, आणि तुमची लेकरं नेमकी तिथेच झोपतात. खोली लहान आणि दारं-खिडक्या घट्ट बंद असतील तर प्रमाण झपाट्यानं वाढतं, गरगरतं. शिवाय हा गॅस ज्योतीत किंवा लालबुंद तापलेल्या वस्तूवर आला की त्यातून हायड्रोजन फ्लोराइड निघतो. तो नाकाडोळ्यांना झोंबतो आणि फुप्फुसांना इजा करतो. म्हणून आतल्या युनिटमधून अचानक फुस्स आवाज आला किंवा नळीतून तेलकट फवारा दिसला तर आधी लेकरांना आणि आजीला बाहेर काढा. दार-खिडक्या सताड उघडा, कॉइल आणि उदबत्ती विझवा, एसीचा एमसीबी पाडा आणि अर्धा तास खोलीत जाऊ नका. कुणाला गरगरत असेल, छातीत धडधडत असेल तर दवाखाना गाठा. फवाऱ्याखाली हात धरू नका, द्रव गॅसनं कातडी गोठते.

प्लेटवर आर-२९० लिहिलेलं असेल तर मात्र जास्त जपा. तो प्रोपेन आहे. हवेत दोन टक्के झाला तरी पेटतो, म्हणूनच त्या एसींत गॅस फार कमी भरलेला असतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा वास त्यात मिसळलेला नसतो, त्यामुळे नाकाला पत्ता लागत नाही. अशा वेळी खोलीतलं एकही बटण दाबायचं नाही, चालूही नाही, बंदही नाही. वीज बाहेरच्या मेन स्विचवरून तोडायची.

तुमच्याकडची गळती मात्र वर्षभर हळूहळू चाललेली आहे. तिचा पहिला फटका कॉम्प्रेसरला बसतो, कारण परत येणारा थंड गॅसच त्याला गार ठेवतो. गॅस कमी झाला की कॉम्प्रेसर तापतो, बिल वाढतं आणि ऐन नवतप्यात तो जळतो.

गळती बहुधा पितळी फ्लेअर नटांवर, म्हणजे नळीचं पसरट केलेलं तोंड (फ्लेअर) आवळून धरणाऱ्या नटांवर असते. आतल्या युनिटमागे दोन आणि बाहेरच्या व्हॉल्व्हपाशी दोन. गॅससोबत तेलही पाझरतं, त्यावर धूळ बसते, म्हणून गळक्या नटावर काळपट चिकट थर दिसतो. मेकॅनिक येईल तेव्हा साबणाच्या दाट फेसानं चारही नट तपासायला लावा आणि मिनिटभर नीट पाहा. बारीक गळतीचा बुडबुडा हळू फुगतो. नट नुसता आवळून भागत नाही, जोर जास्त झाला तर नळीचं तोंड चिरतं. ते तोंड कापून नवीन फ्लेअर करायची. पाव इंची नळीचा नट साधारण १६ ते १८ न्यूटन-मीटर जोरानं आवळायचा, अर्धा इंचीचा ५० ते ५५. त्यासाठी ठरावीक जोरानंच आवळणारा टॉर्क पाना लागतो.

त्यानंतर व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास चालवून नळीतला दाब ५०० मायक्रॉनच्या (निर्वात मोजायचं माप) खाली न्यायचा. पंप बंद केल्यावर दहा मिनिटांत काटा वर चढला तर नळी अजून गळते आहे किंवा आत ओल आहे. मग प्लेटवर आहे तेवढाच गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. नुसता गेज बघून 'अंदाजे' भरलेला गॅस ४५ अंशांच्या उन्हात हमखास कमी-जास्त होतो.

प्रश्न : गळती शोधायला मेकॅनिकनं वेल्डिंगच्या दुकानातून ऑक्सिजनचं सिलिंडर आणलं. तालुक्याला नायट्रोजन मिळत नाही, असं तो म्हणतो. चालेल का?
— एक वाचक, दर्यापूर तालुका

उत्तर : नाही. त्याला तिथेच थांबवा. नळीत कॉम्प्रेसरचं तेल असतं आणि दाबाखालचा ऑक्सिजन तेलाला लागला की ठिणगीशिवायही स्फोट होऊ शकतो. असे अपघात झालेले आहेत आणि माणसं दगावलेली आहेत. गळक्या एसीत खरी जोखीम दुरुस्तीच्या वेळी असते. चाचणीला कोरडा नायट्रोजनच हवा. तो जिल्ह्याच्या गावी औद्योगिक गॅसवाल्यांकडे मिळतो. एक दिवस उशीर झाला तरी चालेल.

नायट्रोजनही रेग्युलेटरशिवाय सोडायचा नाही, कारण भरलेल्या सिलिंडरमधला दाब १०० बारच्या वर असतो. आधी ५ बारवर पाच मिनिटं, मग १५ बारवर पाच मिनिटं, शेवटी प्लेटवर छापलेल्या कमाल दाबापर्यंत, त्याच्या पलीकडे नाही. आपल्याकडचा एक पेच लक्षात ठेवा. दुपारी ४५ अंशांत ४० बारला बंद केलेला काटा पहाटे ३० अंशांत दोन बारच्या आसपास खाली दिसतो. ती गळती नव्हे, गार झालेला वायू आकसतो. त्याहून जास्त उतरला तर फेस लावून बघायचं.

आणखी दोन गोष्टी त्याच्याशी स्पष्ट बोला. गळती आहे अशी शंका असताना बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करून, एसी चालवून गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घ्यायचा नाही. फटीतून हवा आत येते, तेलाच्या वाफेसोबत दाबली जाते आणि कॉम्प्रेसर फुटतो. आणि नळीत गॅस असताना तिला जोडकामाचा टॉर्च, म्हणजे ज्योत, लावायचा नाही. जुन्या एसीत घरगुती सिलिंडरचा गॅस भरून देणारे भेटतात. त्यांना दारातूनच परत पाठवा.

प्रश्न : अख्ख्या मे महिन्यात एसीतून थेंब पडला नाही. मृगाच्या सरी आल्या आणि भिंतीवरून पाणी वाहू लागलं. खाली स्टॅबिलायझर आहे. भिंतीला हात लागला तर झिणझिण्या येतात.
— एक वाचक, ब्रह्मपुरी तालुका

उत्तर : झिणझिण्या येतात म्हणजे भिंतीत वीज उतरली आहे. हे वाचून होताच मेन स्विच पाडा आणि वायरमनला बोलवा. अर्थिंग तपासून घ्या आणि एसीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पडणारा स्विच) बसवा. एमसीबी वायर वाचवतो, माणसाला वाचवण्यासाठी आरसीसीबी लागतो. स्टॅबिलायझर आणि सॉकेट युनिटच्या बरोबर खाली ठेवू नका, किमान दीड फूट बाजूला घ्या.

पाणी आताच का आलं, तर मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की एसीच्या आतल्या थंड कॉइलवर फारसं पाणी धरतच नाही. निचऱ्याची नळी तेव्हाच तुंबलेली असावी, ते जूनमध्ये कळलं. एसीसोबत कूलर चालवणाऱ्यांना उन्हाळ्यातही हा त्रास होतो, कारण कूलर खोलीत ओल भरतो.

वायरिंग ठीक झाल्यावर, एसी बंद ठेवून फिल्टर धुवा. तूर-सोयाबीनच्या मळणीत आणि जिनिंगच्या दिवसांत तो दर आठवड्याला धुवावा लागतो. मग कॉइलखालच्या ट्रेमधला चिकट गाळ काढून अर्धा लिटर कोमट पाणी हळूहळू ओता. बाहेर धार आली नाही तर नळीच्या बाहेरच्या टोकाकडून व्हॅक्यूम क्लीनरनं ओढा. सायकलच्या पंपानं हवा मारू नका, आतला सांधा निसटतो. नळीला दर मीटरमागे एक सेंटिमीटर तरी उतार हवा आणि तिचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडलेलं नको.

कॉइलवर बर्फ दिसत असेल तर दोन शक्यता. सगळीकडे सारखा बर्फ असेल तर फिल्टर तुंबलाय. नळी आत शिरते त्या एका टोकालाच असेल तर गॅस कमी आहे.

प्रश्न : बाहेरचं युनिट गोठ्याच्या भिंतीला आहे. दोन वर्षांत दोनदा नट चिरले. माल खराब आला का?
— एक वाचक, पुसद तालुका

उत्तर : गोठ्याचीच शंका जास्त आहे. गोमूत्रातून अमोनिया निघतो आणि आवळलेल्या पितळी नटाला तो बारीक तडे पाडतो. तांब्यालाही खातो. युनिट गोठ्यापासून दूर, गोठ्यावरून येणारा वारा लागणार नाही अशा बाजूला न्या. कुटाराच्या गंजीजवळही नको, जाळीत कुटार अडकतं आणि उंदीर नळीचं आवरण कुरतडतात. नळी लांबवावी लागली तर किमान ०.८ मिलिमीटर जाडीचं तांबं घ्या आणि वाढीव लांबीसाठी दर मीटरला किती ग्रॅम जादा गॅस लागतो, ते कंपनीच्या माहितीपुस्तिकेत बघून तेवढाच वजनावर घाला.