मल्टिस्टेट लायसन्स घेण्याआधी

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

एनक्लेक्स, म्हणजे इथली नर्सच्या लायसन्सची परीक्षा झाली, व्हिसाही हातात आला, आणि येतेस ती थेट आमच्या मिसूरीतल्या कॅन्सस सिटीत! फार आनंद झाला. न्यूयॉर्कचं लायसन्स असताना मिसूरीचं पुन्हा कशाला काढायचं, असं तू विचारलंस. आपल्याकडून येणाऱ्या बऱ्याच मुली इथेच अडकतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इथे अमेरिकेत नर्सला लायसन्स देश देत नाही, राज्य देतं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंद असली तरी गोव्यात नोकरी लागली की एनओसी आणि तिकडची नोंदणी मागे लागते, तसंच हे. पण २००० सालापासून इथल्या राज्यांनी आपसात एक करार केलाय, नर्स लायसन्स्युअर कॉम्पॅक्ट. २०१८ पासून त्याचे नियम नव्याने, अधिक कडक करून लागू झाले. आज चाळीसच्या आसपास राज्यं त्यात आहेत. त्यातल्या एका राज्याचं मल्टिस्टेट लायसन्स मिळालं की बाकीच्यांत वेगळा अर्ज नको, वेगळी फी नको. मात्र न्यूयॉर्क त्यात नाही. कॅलिफोर्निया नाही, इलिनॉयही नाही. तुझं लायसन्स खरंच आहे, पण ते न्यूयॉर्कपुरतं.

मल्टिस्टेटसाठी सोशल सिक्युरिटी नंबर लागतो, बोटांचे ठसे देऊन गुन्हेगारी नोंदींची तपासणी होते, आणि तुझं कायमचं राहतं घर करारातल्या राज्यात असावं लागतं. नोकरी कुठे आहे ते कोणी विचारत नाही, राहतेस कुठे ते विचारतात. म्हणून आल्या आल्या नंबर काढ, मग मिसूरीचं ड्रायव्हिंग लायसन्स, कारण पत्त्याचा पुरावा म्हणून ते चालतं. त्यानंतर एंडोर्समेंटचा, म्हणजे एका राज्याच्या लायसन्सवरून दुसऱ्या राज्याचं मिळवण्याचा अर्ज, आणि त्यात ‘मल्टिस्टेट’वर न चुकता खूण. उद्या लग्न होऊन करारातल्याच टेक्सासला गेलीस तर ६० दिवसांच्या आत तिथे अर्ज करायचा. जानेवारी २०२४ पासून हा नियम आहे. इलिनॉयमधल्या शिकागोला गेलीस तर मिसूरीचं लायसन्स फक्त मिसूरीपुरतं उरेल.

आमच्या गावात स्टेट लाइन रोड नावाचा रस्ताच आहे. पूर्वेकडची घरं मिसूरीत, पश्चिमेकडची कॅन्ससमध्ये. कॅन्सस २०१९ मध्ये करारात आलं. त्याआधी रस्ता ओलांडून शिफ्ट करायची तरी दोन लायसन्सं, दोनदा फी, दोन रिन्यूअल. आता तो त्रास गेला. पण मिसूरीच्या दुसऱ्या टोकाला सेंट लुईसमध्ये मिसिसिपीवरचा पूल ओलांडलास की इलिनॉय, आणि तिथे तुझ्या मल्टिस्टेटची किंमत शून्य.

हे फोनवरच्या कामात फार नडतं. तुझ्या क्लिनिकचा नेहमीचा मधुमेहाचा पेशंट फोन करतो, साखर ३२० आलीय, इन्सुलिन किती वाढवू? चार्ट समोर उघडा असतो, पत्ता मिसूरीचा असतो. पण आजोबा आठवड्यापासून लेकीकडे इलिनॉयमध्ये आहेत. कायद्याने काम तिथे घडतं जिथे पेशंट असतो, म्हणजे तू त्या क्षणी इलिनॉयमध्ये विनापरवाना काम करते आहेस. म्हणून नाव विचारल्यावर लगेच ‘आत्ता कुठे आहात?’ हे विचारायची जिभेला सवय लाव. घाबरण्यासारखी लक्षणं असतील तर ९११ या इथल्या आपत्कालीन नंबरला फोन करायला लाव, त्यात एक सेकंदही घालवू नकोस. नाहीतर सुपरवायझरला आणि डॉक्टरांना लगेच कळव आणि आजोबांना तिथे कोण बघू शकेल ते ठरव. कॉल कुठून आला ते चार्टमध्ये लिहून ठेव.

करारातल्या राज्यात गेलीस तरी नियम तिथलेच. एलपीएनला, म्हणजे आरएनच्या (नोंदणीकृत नर्सच्या) खालच्या पायरीच्या नर्सला, शिरेतून कोणतं औषध देता येतं, मदतनिसाला कोणतं काम सोपवता येतं, हे राज्यागणिक बदलतं. पहिल्या शिफ्टच्या आधी त्या राज्याचा नर्स प्रॅक्टिस ॲक्ट, म्हणजे नर्सच्या कामाचा कायदा वाच. कुठेही कारवाई झाली तर ती नर्सिस या देशभराच्या नोंदीत सगळ्या राज्यांच्या नर्सिंग बोर्डांना दिसते.

मला विचारशील तर सगळी राज्यं यात यावीत. मार्च २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या गव्हर्नरांना खास आदेश काढून बाहेरच्या नर्सेसना आत घ्यावं लागलं. साथीत जी नर्स चालते ती एरवी का चालू नये? कॅलिफोर्नियातल्या आणि मिनेसोटातल्या नर्स युनियनचा विरोध आहे, आणि त्यांची एक भीती मला खरी वाटते: संप झाला की बाहेरच्या नर्स आणून उभ्या करणं मालकांना सोपं जातं. एजन्सी तुला असं कॉन्ट्रॅक्ट देईल, पैसेही भरपूर असतील. घेऊ नकोस. वॉर्डात चार पेशंटमागे एक नर्स असावी म्हणून बाहेर उभ्या असलेल्या बायकांच्या जागी आपण जायचं नाही.

आणखी एक. मिसूरीत आरएनला रिन्यूअलसाठी शिक्षणाचे तास लागत नाहीत. कॅन्ससमध्ये दोन वर्षांत ३० तास लागतात. तू मिसूरीची असलीस तरी ते ३० तास कर, प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये ठेव.

ड्रायव्हिंग लायसन्स हातात पडलं की फोन कर. एंडोर्समेंटचा अर्ज आपण दोघी बसून भरू. न्यूयॉर्कच्या लायसन्सचं व्हेरिफिकेशन मागवावं लागतं, ते आधी सुरू करू.

तुझी,
मावशी